जागरणाचा हिशेब

१९७६ साली अमेरिकेतील अकरा राज्यांतल्या एक लाख एकवीस हजारांहून अधिक परिचारिकांनी टपालाने आलेली एक प्रश्नावली भरून परत धाडली, आणि स्त्रीच्या प्रकृतीविषयीच्या आजच्या ज्ञानाचा फार मोठा भाग त्या कागदांच्या आधारावर उभा राहिला. संशोधकांचा मूळ हेतू संततिनियमनाच्या गोळ्यांचे दूरगामी परिणाम तपासण्याचा होता. परंतु दर दोन वर्षांनी प्रश्न जात राहिले, उत्तरे येत राहिली, १९८८ साली त्यांत रात्रपाळीविषयीचा प्रश्न घातला गेला, आणि वर्षानुवर्षे आलटूनपालटून रात्रपाळी करणाऱ्या स्त्रियांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते, ही गोष्ट अनुमानाच्या कक्षेतून निघून नोंदींच्या कक्षेत आली. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले, तेव्हा त्या निर्णयामागे परिचारिकांच्या याच प्रकारच्या नोंदींचा आधार होता, आणि २०१९ साली फेरतपासणी होऊनही तो निर्णय कायम राहिला.

रात्रीच्या नोकरीत स्त्रीच्या देहाचे काय होते हे जगाला कळले, ते परिचारिकेने आपल्या जागरणाचा हिशेब लिहून दिला म्हणून. महाराष्ट्रात आज हजारो स्त्रिया पोलीस दलात नोकरी करीत आहेत. १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी सेवेत तीस टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या, तेव्हापासून ही संख्या वाढत गेली. मीरां बोरवणकर पुण्याच्या पोलीस आयुक्त झाल्या, आणि २०२४ च्या आरंभी रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. या पदांचा अभिमान रास्तच आहे. पण ज्या स्त्रीच्या हातात ठाण्याची रात्र असते, ती महासंचालक नसते, ती शिपाई किंवा हवालदार असते, आणि तिच्या झिजेविषयी बोलायची वेळ आली म्हणजे आपल्याला अजून परदेशी परिचारिकेच्या प्रकृतीचा दाखला द्यावा लागतो. हे थांबावे, आणि रुग्णसेवेच्या शास्त्राने ज्या काटेकोरपणे आपल्या सेविकांकडे पाहिले त्याच काटेकोरपणे शासनाने आपल्या महिला अंमलदारांकडे पाहावे, एवढीच या लेखाची मागणी आहे.

तिचे काम पुरुष शिपायाच्या कामाएवढेच असते, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः कायद्याने काही कामे केवळ तिच्याच माथी ठेवली आहेत, आणि ती योग्य हेतूनेच ठेवली आहेत. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यावयाची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करावयाची नाही, आणि अपवादात्मक परिस्थितीत दंडाधिकाऱ्याच्या परवानगीने करावयाचीच झाली, तर तेथे महिला पोलीस अधिकारी हवी. बलात्कारासारख्या अत्याचाराची फिर्याद देणाऱ्या स्त्रीचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवावयाचा, ही २०१३ च्या दुरुस्तीने घातलेली तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेतही कायम आहे. परंतु देशातील एकूण पोलीस बळात स्त्रियांचे प्रमाण शेकडा बाराच्या आसपासच रेंगाळते आहे, आणि ते तेहेतीसपर्यंत न्यावे अशा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सूचना राज्यांना वारंवार जाऊनही त्यात वेग आलेला नाही. जेथे कायद्याला प्रत्येक घटकेस स्त्री हवी आणि हजेरीपटावर स्त्रिया मोजक्याच, तेथे त्या मोजक्यांना पुन्हा पुन्हा बोलावले जाणे अटळ होते. दिवसभर बंदोबस्त करून परतलेली स्त्री रात्री पीडितेला वैद्यकीय तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात घेऊन जाते, पहाटे ठाण्यात येऊन कागद पुरे करते, आणि सकाळी दुसऱ्या कोणाच्या सुट्टीमुळे तिचेच नाव पुन्हा ड्यूटीला लागते.

याच्या जोडीला काही गोष्टी अशा आहेत की ज्या उच्चारण्याचा आपल्या समाजाला संकोच वाटतो, म्हणून त्या अहवालांत उतरत नाहीत. सभेच्या, मिरवणुकीच्या किंवा मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तात दहा-बारा तास रस्त्यावर उभे राहावयाचे असते, जवळपास प्रसाधनगृह नसते, आणि रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. सबब ती सकाळपासून पाणीच पीत नाही. पाणी टाळणे आणि लघवी रोखून धरणे यांतून मूत्रमार्गाचे विकार बळावतात हे सांगण्यास वैद्य लागत नाही. मासिक पाळीच्या दिवसांत हीच स्थिती किती दुःसह होते, याची कल्पना वाचकाने स्वतः करावी. ‘कॉमन कॉज’ आणि लोकनीती या संस्थांनी २०१९ साली एकवीस राज्यांतील पोलिसांची पाहणी करून जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात सुमारे दर पाच महिला कर्मचाऱ्यांपैकी एकीने आपल्या कामाच्या जागी स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रसाधनगृह नसल्याचे सांगितले होते, आणि तेथे पोलिसाचा सरासरी दिवस चौदा तासांचा आढळला होता. त्याआधी २०१४ साली केंद्राच्याच पोलीस संशोधन व विकास कार्यालयासाठी झालेल्या अभ्यासात ठाण्यांतील सुमारे नव्वद टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक आणि दोन-तृतीयांशांहून जास्त कर्मचारी अकरा तासांहून अधिक काम करतात असे दिसून आले होते. तेव्हा तासांविषयी अज्ञान आहे, अशी सबब कोणालाही पुढे करता येणार नाही. त्या तासांनी देहाचे, मनाचे आणि हातातील कामाचे काय होते, हा पुढचा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही.

रुग्णालयांनी तो विचारला. अमेरिकेतील काही शे परिचारिकांनी आपल्या प्रत्येक पाळीचे तास आणि त्या पाळीत झालेल्या किंवा होता होता राहिलेल्या चुका स्वतःच्या हाताने रोज लिहून ठेवल्या, आणि २००४ साली त्या रोजनिशींचा निष्कर्ष आला की साडेबारा तासांच्या पुढे गेलेल्या पाळीत चुकीचा संभव जवळजवळ तिपटीने वाढतो. त्याच वर्षी बॉस्टन येथील अतिदक्षता विभागात शिकाऊ डॉक्टरांवर झालेल्या प्रयोगात असे आढळले की चोवीस तास व त्याहून लांब पाळ्या करणारे डॉक्टर, त्या पाळ्या काढून टाकलेल्या डॉक्टरांपेक्षा, छत्तीस टक्के अधिक गंभीर चुका करतात. पुढे २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूचा संभव सात टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. या संशोधनाने एक फार मोठी गोष्ट साधली. तोवर परिचारिकेची विश्रांती हा तिच्या सोयीचा, फार तर तिच्या युनियनचा विषय मानला जात असे. यानंतर तो खाटेवर पडलेल्या माणसाच्या जीविताचा विषय झाला.

पोलीस ठाण्यात खाट नसते, पण तेथेही कोणी तरी जखमी मनाने येऊन बसलेले असते. अत्याचारानंतर मध्यरात्री ठाण्यात आलेली मुलगी, तिच्यासमोर बसलेल्या महिला अंमलदाराच्या चेहऱ्याकडे पाहूनच बोलावे की गप्प बसावे हे ठरविते. जबाब घेणारी स्त्री जर सोळाव्या तासाला असेल, तर ती दुष्ट नसूनही तुटक बोलेल, एकच प्रश्न दोनदा विचारील, वेळेचा किंवा कपड्यांचा एखादा तपशील लिहावयाचा राहून जाईल. आणि तो राहून गेलेला तपशील तीन वर्षांनी न्यायालयात बचावपक्षाच्या वकिलाच्या हाती पडेल. आपण त्या वेळी पोलिसांच्या असंवेदनशीलतेवर अग्रलेख लिहू, प्रशिक्षणाची शिबिरे घेण्याची शिफारस करू. शिबिरे घ्यावीतच, परंतु थकलेल्या मेंदूला करुणा शिकविता येत नाही, असे मला पूर्ण विचारांती वाटते, आणि रुग्णालयातील संशोधनाचा सारा रोख त्याच दिशेस आहे.

या दुखण्याचे मूळ आपल्या कायद्यातच आहे. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या बाविसाव्या कलमाने पोलीस अधिकारी सदैव कामावर आहे असे मानले, आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ साली आपण केलेल्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजेच आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, अठ्ठाविसाव्या कलमात तीच कल्पना जशीच्या तशी उतरली. रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस निरंतर कामावर! १८५७ च्या धास्तीतून सावरणाऱ्या परकीय सत्तेला ही कल्पना सोयीची होती. पण त्याच काळात, १८५९ साली, त्याच सत्तेने हिंदुस्थानातील आपल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यास शाही आयोग नेमला, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या देशात कधीही पाऊल न ठेवता प्रत्येक छावणीकडे छापील प्रश्नपत्रके धाडून पाणी, गटारे, बराकी आणि रुग्णालये यांची खडान्‌खडा माहिती मागविली. १८६३ साली अहवाल आला, तेव्हा गोऱ्या शिपायांत दर हजारी एकोणसत्तर वार्षिक मृत्यू दिसले, आणि त्यांतील बहुसंख्य लढाईचे नसून ताप, अतिसार, पटकी अशा टाळता येण्याजोग्या रोगांचे होते. सरकारला आपला गोरा शिपाई हवा होता, म्हणून त्याची मोजदाद झाली. देशी पोलीस मोजण्याची गरज त्याला भासली नाही. स्वतंत्र महाराष्ट्राने तोच दृष्टिकोन का चालू ठेवावा?

काही पावले पडली आहेत, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मे २०१६ मध्ये मुंबईतील देवनार ठाण्यात, एका शिपायाने तयार केलेल्या आराखड्यावरून, आठ तासांच्या पाळ्यांचा प्रयोग सुरू झाला. २०२१ साली नागपूर शहर, अमरावती शहर आणि पुणे ग्रामीण येथे महिला अंमलदारांना बाराऐवजी आठ तास काम देण्यात आले, आणि पुढे महासंचालक कार्यालयाने तो शिरस्ता राज्यभर लागू करण्याचा हुकूम काढला. हुकूम स्तुत्य होता. परंतु त्यात निकडीच्या आणि सणासुदीच्या प्रसंगी तास वाढविण्याची मुभा होती. आणि आषाढी वारी, गणेशोत्सव, नवरात्र, निवडणुका यांच्या मालिकेत महाराष्ट्रातील कोणत्या महिन्याला निकडीचा म्हणता येणार नाही? शिवाय केवळ स्त्रियांना दिलेली सवलत सहकारी पुरुषांच्या मनात अढी निर्माण करते, आणि पुढे हळूच तिचा उपयोग ‘आठ तासांच्या बाईला तपास कशाला द्यायचा’ असे म्हणून तिला महत्त्वाच्या कामांपासून दूर ठेवण्यासाठी होऊ शकतो, ही भीती मला खरी वाटते. आठ तास सर्वांनाच हवेत, आणि त्यासाठी भरती हवी. भरतीसाठी पैसा हवा. आणि वित्त विभागापुढे पैसा मागावयाचा तर हळहळ पुरत नाही, आकडे लागतात. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेतून आजारी पडलेल्या अंमलदाराच्या उपचारांवर शासन खर्च करते, तो करावाच. पण आजार नोकरीत कोठे, कितव्या वर्षी आणि कोणत्या कामाने जडला, हे कळल्याशिवाय तो खर्च कमी होण्याची आशा नाही.

म्हणून तजवीज अशी असावी. नाशिक येथे महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही त्याच शहरात आहे. अकादमीत दाखल होणाऱ्या उपनिरीक्षक मुलींपासून आणि प्रशिक्षण केंद्रांतल्या शिपाई मुलींपासून आरंभ करून, पहिली रात्रपाळी लागण्यापूर्वीच त्यांच्या रक्तदाबाची, साखरेची, वजनाची, झोपेची आणि मासिक पाळीची नोंद विद्यापीठाने घ्यावी, आणि दर दोन वर्षांनी ती निवृत्तीपर्यंत घेत राहावी. तिच्या जोडीला काही निवडक ठाण्यांतून पाळीचे खरे तास लिहिले जावेत. हजेरीपटावरचे तास आणि घरी परतण्याचे तास यांत जे अंतर असते, ते त्याशिवाय उघड होणार नाही. आणि या अभ्यासाची एक अट अशी हवी की जिच्यावाचून तो निरर्थक ठरेल: भरलेला कागद वरिष्ठांच्या दप्तरी जाता कामा नये. गर्भपात झाला, झोप लागत नाही, मन खचले आहे, असे लिहिणाऱ्या स्त्रीला त्यामुळे आपली नेमणूक किंवा बढती हुकेल अशी शंका आली, तर ती ‘प्रकृती उत्तम’ एवढेच लिहील. नाव वगळून केवळ क्रमांकाने नोंद ठेवावी, तो क्रमांक विद्यापीठाच्याच ताब्यात राहावा, आणि गृह विभागाला मिळावेत ते एकत्रित आकडे. तेही दरवर्षी विधिमंडळाच्या पटलावर ठेवण्याच्या बंधनासह.