ई-इनव्हॉइस : किल्ली आपल्याच कमरेला हवी

भिवंडीच्या एका सूत व्यापाऱ्याची हकीकत गेल्या पंधरवड्यात आमच्या कानावर आली. टेम्पो भरून गोदामासमोर उभा, पार्टीचे फोनवर फोन, आणि बिल काही निघेना. ई-इनव्हॉइसचे काम ज्यांच्याकडे दिले होते त्यांच्याशी वर्षाच्या फीवरून वाद झाला आणि त्यांनी सेवा बंद केली. स्वतः पोर्टलवर जावे तर खात्याला मोबाईल नंबर त्यांच्याच माणसाचा. ओटीपी त्याच्याकडे जाणार! जुनी बिले मागितली, तर "आधी बाकी भरा" असे उत्तर मिळाले. माल आपला, गिऱ्हाईक आपले, पण धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, अशी या गृहस्थांची गत झाली.

असे प्रसंग आमच्या व्यापारी बांधवांवर येऊ नयेत म्हणून हा विषय आज घेतला आहे.

ई-इनव्हॉइस म्हणजे बिलाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवणे, असा समज अजून पुष्कळांचा आहे. तो चुकीचा आहे. बिलाची माहिती ठरलेल्या नमुन्यात सरकारमान्य पोर्टलवर नोंदवायची, तेथून ६४ अक्षरी नोंदणी क्रमांक आणि सही केलेला क्यूआर कोड मिळवायचा आणि तो कोड छापून बिल गिऱ्हाइकाला द्यायचे, असा हा प्रकार आहे. ज्याला हे बंधनकारक आहे त्याने असे न करता दिलेले बिल जीएसटीच्या नियम ४८ (५) प्रमाणे बिलच मानले जात नाही. म्हणजे दंडाची टांगती तलवार आपल्यावर, आणि घेणाऱ्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट अडचणीत. एकदा असे झाले की तो गिऱ्हाईक पुन्हा आपल्या पेढीची पायरी चढत नाही.

१ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उलाढालीपासून याची सुरुवात झाली. मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. येथे दोन ठिकाणी आपली माणसे चुकतात. पहिले असे की उलाढाल केवळ गेल्या वर्षाची पाहायची नसते. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात ५ कोटींची मर्यादा ओलांडली असेल, तर आज धंदा ३ कोटींवर आलेला असला तरी बंधन सुटत नाही. दुसरे म्हणजे एकाच पॅनवर मालेगावात एक आणि सुरतेत एक नोंदणी असेल तर दोन्हींची बेरीज धरली जाते. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला दिलेली बिले आणि निर्यातीची बिले यात येतात. किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलाला हे लागत नाही.

आता सेवा पुरवठादाराकडे वळू. आमचा पहिला प्रश्न असा, की तुम्हाला त्याची गरज आहे का? राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पोर्टलवर बिल नोंदवायला पैसे पडत नाहीत. एक्सेलमध्ये भरून चढवण्याचे साधनही तेथे मोफत आहे. महिन्याला पंधरा-वीस बिले काढणाऱ्याने घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला दोन दिवस बसवून हे शिकवावे. रोज पन्नास बिले फाडणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनच थेट नोंद व्हायला हवी, आणि त्यासाठी त्याने खुशाल पैसे मोजावेत.

पण पैसे मोजण्याआधी काही गोष्टी पक्क्या कराव्यात. सर्वांत आधी, पोर्टलवरील मोबाईल नंबर आणि ईमेल मालकाचाच हवा. १ एप्रिल २०२५ पासून सरकारी पोर्टलवर पासवर्डसोबत ओटीपीही लागतो, त्यामुळे ज्याचा मोबाईल त्याचे राज्य. मुनीम किंवा सल्लागार यांच्यासाठी वेगळा उपवापरकर्ता तयार करता येतो, आणि तो मालकाला केव्हाही बंद करता येतो.

त्यानंतर बिलांचा साठा. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळणे ही कायद्याने आपली जबाबदारी आहे, पुरवठादाराची नव्हे. म्हणून दर महिन्याची सही केलेली बिले आपल्या संगणकावर उतरवून घ्यावीत, आणि सेवा सोडताना सर्व माहिती विनाअट परत मिळेल हे लेखी घ्यावे.

तिसरी गोष्ट अडचणीच्या वेळेची. चुकीचे बिल पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येते, आणि त्यावर ई-वे बिल निघाले असेल तर आधी ते रद्द करावे लागते. रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. रात्री दहा वाजता गाडी भरताना चूक लक्षात आली तर फोन कोण उचलणार, हे आधीच विचारा. ज्यांची उलाढाल १० कोटी किंवा अधिक आहे त्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंद करावी लागते. नंतर पोर्टल ते बिल स्वीकारत नाही.

शेवटी दर. पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट, असे बाजारात चालते. बिलामागे किती, वर्षाला किती, नूतनीकरणाला किती, हे कागदावर आणा.

"माणूस ओळखीचा आहे, लेखी कशाला मागायचे?" असे आमचे बांधव म्हणतील. शब्दावर धंदा करणे ही आपल्या बाजाराची इज्जत आहे, हे आम्हांलाही मान्य आहे. पण आपण उधारीसुद्धा वहीत लिहून ठेवतोच ना? लिहिल्याने भरवसा कमी होत नाही, उद्याचा तंटा मात्र टळतो.

लहान कारागिरांनी हा विषय मोठ्यांचा म्हणून सोडू नये. मदनपुऱ्यातला बॅग बनवणारा रेक्झीन घेतो, चार मागांचा मालक सूत घेतो. आपली नोंदणी असेल आणि माल देणारा मोठा असेल, तर त्याच्या बिलावर क्यूआर कोड आहे का ते पाहावे आणि जीएसटीच्या मोफत ॲपने तपासावे. नसेल तर पैसे देण्याआधी विचारावे. क्रेडिट गेले तर ते आपल्या घामाचे जाते.

आमच्या व्यापारी संघटनांनाही एक विनंती. पन्नास पेढ्या एकत्र जाऊन दर आणि अटी ठरवतील, तर एकट्याला जे मिळत नाही ते सर्वांना मिळेल. निवडणुका आणि सत्कार यांतून सवड काढून प्रत्येक बाजारात एक संध्याकाळ या कामासाठी द्यावी. ते होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येकाने आज दुकान बंद करण्यापूर्वी एवढे तरी पाहावे, की आपल्या पोर्टलच्या खात्यावर मोबाईल नंबर कोणाचा आहे.