लंडनमधला सुवर्णदुर्ग

लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरील झाडीत ६३ फूट उंचीचा, विटांचा एक त्रिकोणी मनोरा १७८४ पासून उभा आहे. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रुग कॅसल’. इंग्रजी जिभेवर वळण बदललेला हा शब्द म्हणजे दुसरे तिसरे काही नसून, दापोली तालुक्यातील हर्णैच्या समुद्रात उभा असलेला आपला सुवर्णदुर्ग होय! आंग्रे घराण्याच्या आरमाराचे हे ठाणे जिंकणाऱ्या कमोडोर विल्यम जेम्सच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने, लेडी अ‍ॅन जेम्स यांनी, तो मनोरा बांधविला.

वेल्समधील एका सामान्य घरात जन्मलेला जेम्स लहान वयातच समुद्रावर गेला. १७४७ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दाखल झाला आणि १७५१ मध्ये मुंबईच्या ‘बॉम्बे मरीन’ या आरमाराचा प्रमुख झाला. कोकण किनाऱ्यावर तेव्हा आंग्र्यांचा दरारा होता. शिवछत्रपतींनी पाया घातलेले आरमार कान्होजींनी अशा सामर्थ्याला नेले, की १७२९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनाही ते मोडता आले नाही. परंतु कान्होजींच्या पश्चात पुत्रांमध्ये कलह माजला, घराण्याची दौलत दुभंगली आणि दक्षिणेकडील किल्ले पुढे तुळाजीकडे आले.

तुळाजी शूर होता, पण तो पुण्याचे वर्चस्व मानीत नव्हता आणि शेजारच्या स्वकीय सरदारांच्या मुलखावरही हात टाकीत होता. त्याला आवर घालणे हा मराठी राज्याचा अधिकार होता, नव्हे कर्तव्यही होते. प्रश्न उद्भवतो तो पुढच्या पावलाचा. नानासाहेब पेशव्यांनी त्यासाठी मुंबईकर इंग्रजांचे साहाय्य घेतले. मार्च १७५५ मध्ये करार झाला आणि त्याच महिन्यात ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ घेऊन जेम्स मुंबईहून निघाला. समुद्रात पेशव्यांची गलबते सोबतीला होती, किनाऱ्यावर रामाजी महादेवाची फौज होती. जेम्सने किल्ल्यावर तोफांचा भडिमार केला, आतील दारूकोठाराचा स्फोट झाला आणि २ एप्रिलच्या सुमारास सुवर्णदुर्ग पडला. पाठोपाठ बाणकोटही गेला.

वर्षाअखेर जेम्सने विजयदुर्गाची टेहळणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह तेथे चालून गेले. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करीत असतानाच इंग्रजांनी तोफा डागल्या आणि बंदरात नांगरलेले त्याचे आरमार जळून खाक झाले. दोस्त म्हणविणाऱ्या मराठी फौजेला किल्ल्यात पाऊल ठेवू न देता त्यांनी तेथे आपले निशाण चढविले. सुमारे १० लाख रुपयांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली. विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती यायला ऑक्टोबर उजाडला. त्याची किंमत म्हणून बाणकोट इंग्रजांकडे राहिले. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

आणि जेम्स? १७५९ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच, तो संपत्ती घेऊन मायदेशी परतला. लंडनजवळ एल्थम येथे त्याने मोठी वास्तू विकत घेतली. पुढे तो कंपनीचा संचालक झाला, अध्यक्ष झाला, पार्लमेंटचा सभासद झाला. १७७८ मध्ये त्याला ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला. १६ डिसेंबर १७८३ रोजी त्याचे निधन झाले. सामान्य घरातल्या मुलाचे हे निवृत्त वैभव ज्या पायावर उभे राहिले, त्याचे काही चिरे पुण्याहून आले होते, हे विसरता येणार नाही.

पेशव्यांनी सारे आरमार गमावले, असे मात्र नव्हे. आनंदराव धुळपांनी विजयदुर्गावरून पुढेही पराक्रम गाजविला. ज्या वर्षी जेम्स वारला, त्याच १७८३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले. परंतु मुंबईच्या इंग्रजांना समुद्रावर वचक बसविणारी एक मोठी शक्ती घरच्याच संमतीने नाहीशी झाली होती. १७७४ च्या डिसेंबरमध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि पुढच्याच वर्षी स्वकीयांविरुद्ध त्यांचे साहाय्य मागायला राघोबादादा उभे राहिले. घरचे भांडण परक्याच्या तोफेने मिटविण्याची वाट एकदा पडली, की तिच्यावरून चालणारे पुढेही भेटतात.

शूटर्स हिलच्या मनोऱ्यावरील लेखात सुवर्णदुर्गाच्या विजयाचे श्रेय एकट्या जेम्सच्या शौर्याला आहे. पेशव्यांच्या गलबतांचा त्यात उल्लेख नाही. विजेत्याने आपल्या सोयीचे लिहिले, याचा राग धरण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखे मात्र काही आहे. १९८० च्या दशकात हा मनोरा बंद पडला होता. स्थानिक नागरिकांनी विश्वस्त संस्था स्थापून त्याची दुरुस्ती करविली आणि २०१४ मध्ये तो पुन्हा लोकांसाठी खुला झाला.

जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग या दोन्ही किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. हा गौरव रास्तच आहे. पण केवळ जयजयकाराने वारसा सांभाळला जात नाही. हर्णैच्या किनाऱ्यावर शाळेची सहल येईल, तेव्हा मुलांना कान्होजींची कीर्ती अवश्य सांगावी. त्याबरोबरच, लंडनच्या मनोऱ्यावर नसलेली गोष्टही सांगावी: १७५५ च्या त्या एप्रिलमध्ये किल्ल्यात मराठे होते, आणि किल्ल्याला वेढा घालणाऱ्यांतही मराठेच होते.