गोबरगॅस बंद पडला, की आपणच बंद पाडला?

परवा वाळवा तालुक्यात पाहुण्यांकडं गेलो होतो. गोठ्यात पाच म्हसरं, परड्यात जुना गोबरगॅस. लोखंडी टाकी गंजून भोकं पडलेली, खड्ड्यात पावसाचं पाणी. शेजारी उकिरडा आणि घरात सिलिंडर. कराड, कोरेगाव, पलूस, तासगाव... कुठंही जावा, असं एखादं परडं दिसतंच.

१९८१-८२ साली केंद्राची राष्ट्रीय बायोगॅस योजना आली आणि पुढं गावोगावी गोबरगॅस झाले. काहींनी त्याला संडासही जोडला. मग बंद का पडले? जनावरं विकली, हे एक कारण आहेच. पण ज्यांच्या दावणीला आजही जनावरं आहेत, त्यांचं काय? बांधायला अनुदान होतं, पण दुरुस्तीला कुणी येईना. टाकी गंजली, घुमटाला चीर गेली, पाइपात पाणी साचलं, आणि त्यातलं जाणणारा गवंडी काही मिळेना. तेवढ्यात सिलिंडर दारात आला.

हिशोब साधा आहे. चार-पाच जनावरांचं रोजचं ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी घातलं, की साधारण २ घनमीटर गॅस मिळतो. पाच माणसांचा स्वयंपाक त्यात होतो. महिन्याला दीड-एक सिलिंडर वाचला समजा. थंडीत गॅस कमी येतो, हेही खरं. आणि दारात एकच गाय असेल तर याच्या नादी लागू नका.

पण माझ्या मते खरी कमाई स्लरीची आहे. शेणी जाळल्या की हातात राख उरते. उघड्या उकिरड्यावर उन्हानं नत्र उडतं, पावसानं वाहून जातं. गोबरगॅसमध्ये चूलही पेटते आणि नत्र, स्फुरद, पालाश रानासाठी मागं राहतं. कृष्णाकाठी उसाला पाणी आणि युरिया ओतून आपण जमिनी क्षारपड केल्या. नुसत्या स्लरीनं त्या सुधारणार नाहीत, निचरा लागणारच. पण जी रानं अजून चांगली आहेत, त्यांच्या पोटात काहीतरी घालायला नको का?

म्हणून येत्या ग्रामसभेत एवढंच मागा. नव्या गोबरगॅसचे अर्ज भरण्याआधी गावातल्या बंद पडलेल्यांची यादी करा. दोन गवंड्यांना दुरुस्ती शिकवा. दुरुस्तीलाही थोडं अनुदान द्या.

तुमच्या परड्यात गोबरगॅस आहे का? चालू की बंद? खाली गावाच्या नावासकट लिहा. यादी इथूनच सुरू करू.