आमच्या कळेची नोंद कोण घेणार?

गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या काठावर आरोग्य खात्याची पथके बसतात. पांढुर्ण्याचा असो की आमच्या सावरगावचा, ज्याचे डोके फुटले त्याला पट्टी होते, आणि त्याची गणतीही होते. दुसऱ्या दिवशी जखमींचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. हौसेने दगड खायला नदीत उतरलेल्याची सरकारदरबारी मोजदाद आहे. सरकारच्या सांगण्यावरून दंड पुढे करणाऱ्याची मात्र नाही. माझे भांडण आहे ते एवढ्याचसाठी.

वाचकहो, मी लसीचा विरोधक नव्हे. २०२१ साली याद्या काखोटीला मारून दारोदार हिंडलेल्या मास्तरांपैकी मी एक. त्या वर्षी २१ जूनला मध्य प्रदेशात एका दिवसात १६ लाखांवर लोकांना लस टोचली गेली, तेव्हा छाती फुगवणाऱ्यांतही मी होतो. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयाच्या मुलांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा केवळ माझ्या शब्दावर आयांनी मुली पाठवल्या. “काही होत नाही,” हे वाक्य मी त्या दिवसांत शाळेच्या प्रार्थनेपेक्षा जास्त वेळा म्हटले असेल. दुसऱ्या लाटेत जे पाहिले ते आठवले की आजही वाटते, लस घ्या म्हणून सांगितले ते योग्यच केले. पण “काही होत नाही” हे खोटे होते. “थोडे होईल, क्वचित जास्त होईल, झाले तर या,” असे म्हणायला हवे होते.

१५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस, १८ ते ५९ वयाच्या सर्वांना तिसरी मात्रा सरकारी केंद्रांवर फुकट मिळाली. सरकारी भाषेत ‘प्रीकॉशन डोस’, लोकांच्या तोंडी ‘बूस्टर’. मीही घेतली. रात्री हुडहुडी भरली, ताप १०२ वर गेला, दोन दिवसांत उतरला. त्याची तक्रार नाही. पण सुई दंडाच्या मांसल भागाऐवजी पार वर, खांद्याच्या हाडापाशी टोचली गेली होती. हात खांद्याच्या वर उठेना. मी डावखुरा आणि सुई डाव्याच हाताला. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिणे बंद झाले. पोरे हसत, “सर, तारीख खाली घसरली!” नागपूरच्या अस्थितज्ज्ञाने सांगितले, सुई फार वर गेल्याने सांध्याभोवतीचा भाग सुजला आहे, असे कधीकधी होते. साडेचार महिने लागले.

ज्या केंद्रावर लस घेतली तिथे सांगायला गेलो. “सर, उमर का असर है।” नोंद करा म्हटले, तर रजिस्टर सापडेना. माझी ही गत, तर शेजारच्या मावशींची काय? त्या म्हणाल्या, “मास्तर, हाताले मुंग्या येतात, अन् मधूनच चमक निघते.” समोरच्या बाहेरगावच्या कर्मचाऱ्याने कागदावर लिहिले, ‘कमजोरी’. मुंग्या, चमक, ठणका, कळ, कणकण ही पाच वेगवेगळी दुखणी आहेत. आमच्या दुभाषी मुलखात ती एका ‘दर्द’मध्ये किंवा ‘कमजोरी’त गडप होतात. जे कागदावर आलेच नाही ते तपासणार कोण? मावशी परत येताना मला एवढेच म्हणाल्या, “तुमी तं म्हनलं होतं, काई होत नाई.”

शहाणे लोक म्हणतील, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. असेलही! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १८ ते ४५ वयातल्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला, त्यात लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. चौकात कुणाला हृदयविकाराचा झटका आला की लसीच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी तो जरूर लक्षात घ्यावा. पण कावळा बसला होता की नाही हे ठरवायला आधी फांदी मोडल्याची नोंद लागते ना?

मोजदाद केली की काय साधते याचा दाखला आपल्याच देशात आहे. १७ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केले की, राष्ट्रीय समितीने ४९८ गंभीर प्रसंग तपासले आणि त्यांत कोविशील्डनंतर रक्ताची गुठळी होण्याचे २६ संभाव्य प्रसंग आढळले. प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१. कोणत्या लक्षणांवर नजर ठेवावी हेही सांगितले होते. ते आमच्या पारापर्यंत कुणी पोहोचवले? म्हणून २०२४ साली अॅस्ट्राझेनेकाने विलायतच्या न्यायालयात हा दुर्मिळ दोष मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा गावात जणू आजच बॉम्ब फुटला. तीन वर्षांपूर्वी सांगितले असते तर कुणी दचकले नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात सक्ती कुणावर नको असे सांगतानाच, सामान्य माणसाला आणि खासगी डॉक्टरलाही दुष्परिणाम नोंदवता यावेत अशी सोय करण्याचा आदेश दिला. आमची तिसरी मात्रा त्यानंतरची. केंद्रावरच्या भिंतीवर ‘सबको वैक्सीन, मुफ्त वैक्सीन’ वाचले, नोंद कुठे करायची ते वाचल्याचे आठवत नाही.

मुंबईत हाफकिनने प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. योगायोग असा की आपल्याकडे तिसरी मात्रा सुरू झाली ती १० जानेवारीलाच, २०२२ साली. हाफकिनला ताप आला, दुखले. ते त्याने लपवले नाही, आणि तरीही लोक रांगेत उभे राहिले. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लसीनंतर १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनवर आला आणि तो धुऊन निघायला १९०७ उजाडले. धुऊन निघाला तो कागदांच्या आधारावर, दडपादडपीने नव्हे.

२०२३ साली आमचा पांढुर्णा जिल्हा झाला. नवे फलक लागले, नवी कार्यालये आली. माझे मागणे लहान आहे. प्रत्येक लसीकरण केंद्रावर एक वही, ती मागेल त्याच्या पुढ्यात ठेवणारा माणूस, आणि सांगणाऱ्याच्याच बोलीत लिहिण्याची मुभा. तोवर मी शाळेच्या कपाटात दोनशे पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर माझा खांदा आहे. दुसऱ्यावर मावशींच्या मुंग्या आणि चमक, त्यांच्याच शब्दांत.