आधी सुनावणी, मग कुलूप

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात छापलेल्या ताबा-नोटिसांचे रकाने आता वाचकांच्या सवयीचे झाले आहेत. कर्जदाराचे नाव, जामीनदाराचे नाव, थकीत रक्कम, सदनिकेचे क्षेत्रफळ आणि चतुःसीमा एवढाच त्यातील मजकूर असतो. हप्ते का थकले, याविषयी त्यात एक अक्षरही नसते. कारखान्याला टाळे लागले, कंत्राट संपले, घरातील कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला किंवा व्याजदर चढल्याने हप्ता पगाराबाहेर गेला, यांपैकी काय घडले हे कायद्याने विचारायचेच नाही असे ठरविले आहे. ज्या घरासाठी कुटुंबाने आयुष्यातील वीस वर्षांची कमाई आगाऊ विकून टाकली, ते घर जाताना एकाही तटस्थ माणसाने त्या कुटुंबाचे म्हणणे ऐकलेले नसते. प्रश्न थकबाकीचा आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न न्यायाचा आहे.

गृहकर्ज थकविणारा माणूस उधळ्या किंवा लबाड असतो, हा समज आधी हिशेबानेच खोडून काढला पाहिजे. वीस वर्षांच्या मुदतीने सात टक्के दराने घेतलेल्या 25 लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे 19,400 रुपये होतो. पहिल्या हप्त्यातील जवळजवळ 14,600 रुपये व्याजातच जातात आणि मुद्दल पाच हजारांनीही कमी होत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या अवघ्या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. त्याच प्रमाणात हा दर साडेनऊवर गेला, तर नवा हप्ता सुमारे 23,300 रुपये होतो. महिन्याला चार हजारांच्या आसपास वाढीव रक्कम कंत्राटी कामगाराने, रिक्षाचालकाने किंवा खासगी शाळेतील शिक्षकाने आणायची कोठून? आणि हप्ता जुनाच ठेवावा म्हटले, तर नव्या कर्जदाराचे महिन्याचे व्याजच 19,800 रुपयांच्या घरात जाते, म्हणजे हप्त्याहून अधिक होते. तो दरमहा नियमाने पैसे भरतो आणि त्याचे कर्ज दरमहा वाढत जाते! ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेलाच परिपत्रक काढून सांगावे लागले की, मुदत वाढविताना कर्ज असे फुगत जाता कामा नये आणि हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला दिली पाहिजे. 2025 मध्ये दर पुन्हा उतरू लागले. परंतु मधल्या काळात ज्यांचे खाते थकीत झाले, त्यांच्यासाठी ही उतरण उशिरा आली.

अशा माणसाच्या बाबतीत कायदा काय करतो? हप्ता 90 दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर 2002 च्या सरफेसी कायद्यान्वये बँक 60 दिवसांची मागणी-नोटीस देते. त्या मुदतीत संपूर्ण रक्कम भरली नाही, तर न्यायालयाची पायरी न चढता बँक घराचा ताबा घेऊ शकते, लिलाव करू शकते आणि त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत तहसीलदार व पोलीस यांची मदत मागू शकते. दंडाधिकाऱ्याने कागद पुरे आहेत की नाहीत एवढेच पाहायचे, वादाचा निवाडा करायचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. दिवाणी न्यायालयाची वाट याच कायद्याने बंद केली आहे. कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. पण ताब्याची कारवाई सुरू झाल्यानंतरच. राज्यात ही न्यायाधिकरणे मोजक्या मोठ्या शहरांतच आहेत. तेथील निर्णयावर अपील करायचे तर थकबाकीची निम्मी, आणि फारच सवलत मिळाली तर पाव रक्कम आधी भरावी लागते. ज्याच्यापाशी तीन हप्ते भरायला पैसे नव्हते, त्याला न्याय मागण्यासाठी लाखो रुपये भरायला सांगणे ही निव्वळ क्रूर थट्टा होय.

हा कायदा कोणासाठी झाला होता, हे विसरता येणार नाही. 1998 ची नरसिंहम् समिती आणि त्यानंतरची अंध्यारुजिना समिती यांच्यापुढे प्रश्न होता तो बँकांचे कोट्यवधी रुपये अडवून न्यायालयांत वर्षानुवर्षे तारखा घेत बसणाऱ्या उद्योगपतींचा. त्यांच्यासाठी परजलेले हत्यार दोन खोल्यांच्या सदनिकेवर चालविले जात आहे. मूळ कायद्यात तर न्यायाधिकरणात दाद मागण्यापूर्वीच 75 टक्के रक्कम भरण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात ती अट घटनाबाह्य ठरविली. म्हणजे सामान्य कर्जदाराला आज जी थोडी फट उपलब्ध आहे, तीही एका कंपनीच्या लढाईतून मिळालेली आहे. 2016 च्या दुरुस्तीने मात्र हात पुन्हा आखडता घेतला. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की पूर्ण रक्कम भरून घर सोडवून घेण्याचा हक्क संपतो. नातेवाइकांनी दागिने मोडून पैसे उभे केले, पण ते नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी आणले, तर ते घेण्यास बँक बांधलेली नाही.

महाराष्ट्राला ऋणको आणि सावकार यांचा झगडा नवा नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि दख्खनच्या दंग्यांचा वणवा पेटला. त्यानंतर परकीय सरकारने 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. तो सदोष होता, पण त्यात एक तत्त्व होते. न्यायाधीशाने केवळ कर्जखतावरील आकडा न पाहता त्यामागचा सारा व्यवहार तपासावा, व्याजाची छाननी करावी आणि ऋणकोला झेपतील असे हप्ते बांधून द्यावेत, असे तो कायदा सांगत होता. पुढे 1975 मध्ये महाराष्ट्राने ऋणमुक्ती कायदा करून गरीब शेतमजुरांची व छोट्या शेतकऱ्यांची सावकारी कर्जे रद्द केली आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या कायद्याचे ठाम समर्थन केले. विदेशी राजवटीने सुप्याच्या कुणब्याला जी चौकशी देऊ केली, ती स्वतंत्र भारताचा कायदा भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला नाकारतो. प्रगती म्हणायची ती हीच काय?

याच कायद्यात शेतजमिनीला संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार शेतकरी, मजूर व घरकामगार यांच्या राहत्या घरावर सामान्य हुकूमनाम्याखाली जप्ती आणता येत नाही. सरफेसी कायद्याने हे संरक्षण वरवर मान्य केले, आणि लगेच त्यातून ‘खास तारण दिलेली मालमत्ता’ वगळली. गृहकर्जात घर तारण दिलेलेच असते! तेव्हा ज्या एका कर्जासाठी हे कवच हवे होते, नेमक्या त्याच कर्जाला ते मिळत नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. बँकेतला पैसा ठेवीदारांचा असतो, आणि ठेवीदारही निवृत्त कारकून, विधवा, छोटे दुकानदार असेच असतात. वसुली झाली नाही तर बुडतील ते हेच लोक. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू होतो असे 2020 मध्ये घटनापीठाने ठरविले, तेही महाराष्ट्रातील एका सहकारी बँकेच्याच खटल्यात. सहकारी चळवळीत हयात घालविलेल्या कार्यकर्त्यांना ही अडचण समजते. परंतु बँका कशाने बुडतात, हेही पाहावे. 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांवर जे संकट कोसळले, ते एका बांधकाम उद्योगसमूहाला दिलेल्या प्रचंड कर्जांमुळे. कोणा शिपायाच्या थकलेल्या गृहकर्जामुळे नव्हे. 2021-22 पर्यंतच्या पाच वर्षांत बँकांनी दहा लाख कोटी रुपयांहून अधिक कर्जे निर्लेखित केली, असे सरकारने संसदेत सांगितले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, हे खरे. पण मोठ्या थकबाकीदाराला दिवाळखोरी संहितेखाली तडजोडीचे मेज मांडून मिळते, आणि जून 2023 च्या परिपत्रकानुसार हेतुपुरस्सर कर्ज बुडविणाऱ्याशीही बँक समझोता करू शकते. त्याच संहितेतील सामान्य व्यक्तींविषयीचा भाग, वैयक्तिक जामीनदारांचा अपवाद वगळता, 2016 पासून अंमलात आलेला नाही. कोट्यधीशाला मेज आणि कामगाराला कुलूप, हा भेदभाव ठेवीदारांच्या हिताच्या नावावर खपविता येणार नाही. वसुली व्हावी, पण ती चौकशीनंतर आणि माणसाला उभे राहू देऊन व्हावी. चालू राहिलेला हप्ता हा ठेवीदाराच्याही हिताचा असतो. घाईच्या लिलावात पडत्या भावाने गेलेले घर कोणाच्याच हिताचे नसते.

कारण घर गेले म्हणून कर्ज जातेच असे नाही. लिलावात आलेली रक्कम अपुरी पडली, तर उरलेल्या कर्जासाठी बँक कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या मागे लागू शकते. स्पेनमध्ये 2008 च्या आर्थिक अरिष्टानंतर हेच घडले. बेकारीची लाट आली, लाखो कुटुंबांवर घर सोडण्याची पाळी आली, आणि घर गमावूनही कर्ज मानगुटीवर राहिले. परंतु तेथे 2009 मध्ये बार्सिलोनात गृहकर्जपीडितांची संघटना उभी राहिली. एकट्याने लाज बाळगून घरात बसलेली माणसे सभेत येऊन आपली कहाणी सांगू लागली. शेजारी दारात उभे राहून ताबा घेणाऱ्यांना शांततेने अडवू लागले. 2012 मध्ये सरकारला दुर्बल कुटुंबांना घराबाहेर काढण्यास स्थगिती द्यावी लागली. 2013 मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरविले की, करारातील जाचक अटींची तपासणी होईपर्यंत ताब्याची कारवाई थांबविण्याचा अधिकार न्यायाधीशाला नसेल, तर ती पद्धत ग्राहकाच्या हक्कांशी विसंगत आहे. याच चळवळीतील एक कार्यकर्ती, आदा कोलाऊ, 2015 मध्ये बार्सिलोनाची महापौर झाली. त्या चळवळीने कर्ज बुडविण्याचा पुरस्कार केला नाही. आधी माणसाचे ऐका, असा तिचा आग्रह होता.

समाजवादी चळवळीची मागणीही याच सूत्रावर उभी राहिली पाहिजे. कुटुंबाचे एकमेव राहते घर असेल, तर मागणी-नोटिशीपूर्वी जिल्हा पातळीवर सक्तीची सलोखा-सुनावणी व्हावी. नोकरी गेली, आजार आला किंवा मिळवते माणूस दगावले, तर हप्ते पुन्हा बांधून देणे ही बँकेची मर्जी न राहता कर्तव्य ठरावे. ताबा घेण्याचा हुकूम, कारणांची चौकशी करून, न्यायाधीशानेच द्यावा. विक्री पुरी होईपर्यंत घर सोडवून घेण्याचा हक्क पुन्हा मिळावा. आणि एकमेव घर गेल्यानंतर उरलेले कर्ज संपुष्टात यावे. यात क्रांतिकारक असे काही नाही. 1969 मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा बँक गरिबाच्या दारी जाईल असे वचन दिले गेले होते. ती ताब्याची नोटीस घेऊनच दारी यावी, असे त्या वचनात नव्हते.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. आहे त्या कायद्यातही काही हक्क आहेत, आणि ते मुदतीत न वापरल्यामुळे वाया जातात. हप्ता चुकणार असे दिसताच, खाते थकीत होण्याची वाट न पाहता, पुनर्रचनेचा लेखी अर्ज करावा व त्याची पोच घ्यावी. मागणी-नोटीस आली तर 60 दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी. बँकेला 15 दिवसांत सकारण उत्तर द्यावेच लागते. दारावर ताब्याची नोटीस डकविली, की ताबा कागदोपत्री असला तरी न्यायाधिकरणात जाण्याची 45 दिवसांची मुदत सुरू होते, हे अनेकांना ठाऊकच नसते. वसुली करणाऱ्याने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. त्याचा भंग झाल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि 30 दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व औद्योगिक कामगार यांना 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळू शकतो. प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी द्यावी. नोटीस वाचून दाखविणारा, अर्ज लिहून देणारा आणि तारखेला सोबत जाणारा माणूस वस्तीत असावा.

थकबाकीदार बहुधा एकटाच पडतो, कारण त्याला लाज वाटते. नोटीस तो शेजाऱ्यापासून लपवितो, कधी बायकोपासूनही लपवितो, आणि मुदत संपून जाते. बँकेच्या सर्व अधिकारांहून ही लाजच त्याचा अधिक घात करते. ती लाज मोडून काढणे हे संघटनेचे पहिले काम आहे. नोकरी जाणे हा गुन्हा नाही, आजारी पडणे हा गुन्हा नाही, आणि व्याजदर काही कामगार ठरवीत नाहीत. सुनावणीविना माणसाचे छप्पर काढून घेणे हा मात्र अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध उभे राहणे हे समाजवाद्यांचे कर्तव्य आहे.