शून्याची किंमत

गणित शिकवितांना मुलांस प्रथमच सांगावें लागतें कीं, शून्याची किंमत त्याच्या जागेवर अवलंबून असते. आंकड्याच्या डावीकडे घातलें तर तें व्यर्थ. उजवीकडे घातलें तर आंकडा दहापट होतो. खेळांतील शून्याचेंहि असेंच आहे. आपल्या नांवापुढें पडलें तर लाजिरवाणें, प्रतिपक्षाच्या नांवापुढें पाडतां आलें तर तेंच भूषण! अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत प्रतिपक्षास एकहि धांव न देतां सामना जिंकणें यास 'शटआउट' म्हणतात, व त्याचें श्रेय चेंडू फेंकणाऱ्या पिचरच्या नांवावर लिहितात. हें श्रेय कितपत एकट्याचें असतें, हें पाहण्यास १९५५ सालचा एक सामना फार उद्बोधक आहे.

डॉजर्स हा न्यूयॉर्क शहरांतील ब्रुकलिन भागाचा संघ. १९१६ पासून १९५३ पर्यंत सात वेळां तो वर्ल्ड सीरीज या अंतिम मालिकेंत पोंचला व सातहि वेळां हरला. त्यांपैकीं पांच वेळां त्याच शहरांतील यांकीज संघाकडून. 'पुढच्या वर्षीं पाहूं' हें वाक्य तेथील लोकांच्या नित्यपाठांतलें होऊन बसलें होतें. १९५५ सालींहि पहिले दोन सामने यांकीजनींच जिंकले. तथापि पुढें तीन-तीन अशी बरोबरी झाली, आणि ४ ऑक्टोबर रोजीं यांकीजच्या मैदानावर सातवा, निर्णायक सामना झाला. चेंडू जॉनी पॉड्रेसच्या हातीं दिला. वय तेवीस, बाप खाणकामगार, त्या वर्षाच्या नेहमींच्या सामन्यांत जय नऊ व पराजय दहा. मालिकेंतील तिसरा सामना मात्र त्यानेंच आपल्या वाढदिवशीं जिंकून दिला होता.

या खेळांत मैदानावरील चार ठाण्यांस बेस म्हणतात. चारहि पुरीं केलीं म्हणजे एक धांव. प्रत्येक पक्षास नऊ डाव मिळतात. गिल हॉजेसच्या फटक्यांवर डॉजर्सना चवथ्या व सहाव्या डावांत एकेक धांव मिळाली. सहाव्या डावांत आणखी धांवा मिळाव्यात म्हणून झिमरच्या जागीं शुबा यास फलंदाजीस पाठविलें. तो बाद झाला. युक्ति फसलीसें दिसलें. परंतु झिमरची दुसऱ्या बेसवरील जागा भरण्यास गिलियम डाव्या मैदानांतून आंत आला, आणि त्याच्या जागीं क्यूबाचा सँडी अमोरोस उभा राहिला.

लगेच यांकीजच्या पाळींत त्यांचे दोन गडी बेसवर असतां योगी बेरानें चेंडू डाव्या रेषेच्या कडेस उंच टोलविला. अमोरोस दूर, मध्याच्या बाजूस होता. तो धांवत सुटला व उजवा हात पुढें करून त्यानें चेंडू झेलला. तो डावऱ्या हातानें फेंकणारा, म्हणून हातमोजा उजव्या हातांत. गिलियमला तो झेल फार अवघड गेला असता. अमोरोसकडून रीस व रीसकडून हॉजेस असा चेंडू पोंचला, आणि पहिल्या बेसकडे परतणारा मॅकडुगल्डहि बाद झाला.

आठव्या डावांत पुन्हां दोन गडी बेसवर होते. तेव्हां पॉड्रेसनेंच हँक बॉअरला चकवून डाव संपविला. नवव्यांत ओळीनें तीन बाद झाले. शेवटचा चेंडू रीसनें उचलून हॉजेसकडे फेंकला. दोन विरुद्ध शून्य!

या शून्यांत यांकीजचे आठ यशस्वी फटके आहेत, दोघांना फुकट दिलेला बेस आहे. आपणहि कार्य 'निर्विघ्न' पार पडलें म्हणतों. त्या शब्दांतच विघ्न बसलेलें आहे. तें कोणी तरी वाटेंत अडविलें, इतकेंच. अडविणाऱ्याचें नांव निमंत्रणपत्रिकेंत क्वचितच असतें. पॉड्रेस हा त्या मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तें योग्यच झालें. परंतु ब्रुकलिनच्या लोकांनीं अमोरोसचें नांवहि त्याच्या शेजारीं ठेविलें, हें अधिक योग्य झालें.

१९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले. त्यांचें जुनें मैदान १९६० सालीं पाडून टाकण्यांत आलें. ब्रुकलिनच्या नांवानें जिंकलेली वर्ल्ड सीरीज ती एकच.