कोटेशनमधून आरसीसीबी काढू नका
मित्रांनो, वायरिंगचा धंदा सुरू करताय ना? मग "एमसीबी आहे की, आरसीसीबी कशाला?" असं गिऱ्हाईक म्हणालं म्हणून रेट पाडायला ती वगळू नका. गीझरची 16 अँपिअरची एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असते. माणसाला शॉक बसला तर तिला पत्ताही लागत नाही. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी फेज-न्यूट्रलमधला फरक पकडून ट्रिप होते.

जुन्या घरात ती सारखी पडते. बऱ्याचदा बाथरूमच्या लाइटचा न्यूट्रल कुणीतरी दुसऱ्याच सर्किटमधून घेतलेला असतो. काही जण तिथे सरळ बायपास मारतात! तुम्ही न्यूट्रल शोधून वेगळा करा आणि त्या मेहनतीचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लिहा. काम सोपवताना टेस्ट बटण गिऱ्हाइकालाच दाबायला लावा. तरी बायपासच हवा म्हणालं, तर ॲडव्हान्स परत द्या.